पॉवरहाऊस फोडताना

बंद पडलेल्या एका जुन्या पॉवरहाऊसचं ऑफिस करायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि साइटवर मला पाठवलं. मी स्थापत्य इंजिनिअर. तोवर आयुष्यभर फ्लॅटच बांधले होते. मोकळ्या जमिनीत खड्डा घ्यायचा, पाया भरायचा आणि मजल्यामागून मजला वर चढत जायचं, एवढंच मला येत होतं. इथं सगळं उलटं होतं. दगडी भिंती ठेवायच्या, छताच्या लोखंडी कैच्या ठेवायच्या आणि मधलं पोट फाडून बाहेर काढायचं. आर्किटेक्ट तरुण होता. भिंतींवरचा काजळीचा थरसुद्धा त्याला जसाच्या तसा हवा होता.

"मॅडम, तेच तर बिल्डिंगचं कॅरेक्टर आहे."

"काजळी आहे ती," मी म्हटलं. "कॅरेक्टर हवं असेल तर मास्क काढून एकदा श्वास घ्या."

पॉवरहाऊस गुलटेकडीच्या अलीकडे, मार्केट यार्डात जाणाऱ्या ट्रकांच्या रस्त्याला लागून होतं. एके काळी कोळशावर चालायचं. मी बिबवेवाडीहून रोज स्कूटरनं यायची. फाटकातून आत शिरलं की आधी आवाज अंगावर यायचा. टर्बाइन हॉलच्या मधोमध काँक्रीटचा चौथरा होता, एखाद्या बसएवढा. त्यावरची यंत्रं आमच्या आधीच कुणीतरी नेली होती. चौथरा मात्र कुणाच्यानंच हलला नव्हता. तो फोडायचा आणि तिथं ऑफिसचा तळमजला काढायचा, असा नकाशा होता. त्याला काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावला की ब्रेकरच उलटा उसळायचा. पोरांचे खांदे सुजायचे, हातांना मुंग्या येऊन जेवताना घास सांडायचा. एकाच्या तोंडावर ब्रेकरची मूठ बसली आणि पुढचा दात गेला. त्यानं रक्त थुंकलं, चूळ भरली आणि परत मूठ धरली.

ही सगळी माणसं मुकादमाची. मुकादम चंद्रपूरकडचा, पंचेचाळिशीतला, मानेवर भाजल्याचा मोठा डाग असलेला. त्याची हयात जुनी यंत्रं उतरवण्यात गेली होती. कामाला चोख, पण हात फार सैल. एकदा बॉयलरचा पत्रा कापताना ताणातला तुकडा सुटला आणि खाली उभ्या असलेल्या मजुराच्या कानाजवळून जाऊन भिंतीत घुसला. दगडाचा चुरा उडाला. तिथं उभं राहायचं नाही, हे सकाळीच बजावलेलं होतं. मुकादमानं त्या माणसाला उचलून उभं केलं, सगळीकडून चाचपून बघितलं आणि मग खाडकन कानाखाली लावली.

"अहो, लागलंय का ते तरी बघा आधी!" मी ओरडले.

"नाई लागलं, म्हणून तर मारलं," तो म्हणाला. "लागलं असतं तर मारलं असतं काय?"

मी त्याला बाजूला घेऊन दम दिला. माझ्या साइटवर मारहाण चालणार नाही म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली. आठवड्याभरात परत कुणाच्या तरी कानाखाली वाजली. तेव्हा मी दुसरीकडे बघत होते असं मला म्हणता येईल, पण तसं नव्हतं. त्या कामाचा राग माझ्याही हातापायांत उतरायला लागला होता. घरी मी भांडी आपटायला लागले होते. नवरा म्हणायचा, "तुझ्या त्या पॉवरहाऊसमध्ये अजून करंट आहे वाटतं."

आमच्यात शांत माणूस एकच, ते म्हणजे चाचा. गॅस कटर ते चालवायचे. नाना पेठेत त्यांच्या घराण्याच्या कैक पिढ्या गेलेल्या, वडीलही लोखंडाच्याच कामातले. साठी उलटलेली, कानांनी कमी ऐकू यायचं, त्यामुळं साधं "चहा घेता का आपण?" हेसुद्धा ते भांडल्यासारखं विचारायचे. ज्योत हातात घेतली की मात्र तोंडातून शब्द नाही.

चौथऱ्याच्या मागं वाफ थंड करायचं एक लोखंडी पिंप आडवं पडलं होतं. खोलीएवढं मोठं, आणि आत पितळेच्या नळ्या खच्चून भरलेल्या. सगळ्या साइटवर भंगारातला किमती माल म्हणजे ते. ते कापायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात एक पोरगा फाटकाशी येऊन उभा राहिला. विशीचा असेल. केसांना लाल रंग, बोलणं एकदम अदबीचं.

"ताई, दादांनी पाठवलंय. इथलं भंगार आपल्याला द्यायचं."

दादा म्हणजे त्या भागातला एक बडा माणूस. चौकाचौकात त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे. तो करतो काय, हे कुठल्याही फ्लेक्सवर लिहिलेलं नसायचं.

"अहो, भंगाराचं टेंडर निघालं होतं," मी म्हटलं. "दादांनी भरायचं होतं. ज्यानं भरलं त्याला मिळालं."

पोरगा हसला. "ताई, ह्या एरियातलं टेंडर आम्हीच काढतो."

"मग ते उघडायला परत या कधीतरी," असं म्हणून मी आत गेले. पुण्यात वाढलेल्या माणसाची जीभ अशी वेळेला थांबत नाही. दुसऱ्या दिवशी भंगार न्यायला आलेल्या ट्रकच्या काचा रस्त्यावरच फोडल्या. ड्रायव्हर ट्रक तिथंच सोडून पळाला. मी कंपनीला फोन केला. "बघतो," म्हणाले.

त्यांनी बघायच्या आतच ते आले.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. अर्धी माणसं बाहेर नळावर डबे धूत होती. चाचांनी नुकतीच ज्योत पेटवून पिंपाचं कवच कापायला घेतलं होतं. मी चौथऱ्यापाशी नकाशा उघडून मुकादमाला खुणा दाखवत होते. फाटकाकडून आरडाओरडा झाला, आणि पाठोपाठ सहा-सात जण धावत हॉलमध्ये शिरले. तोंडाला रुमाल, हातात कोयते. ऊस तोडायचे तेच, पण नव्या धारेचे. पेपरात रोज वाचतो आपण. पण ते पातं उन्हाच्या तिरिपेत चमकताना डोळ्यांसमोर बघणं वेगळं असतं.

"मुकादम कोण रे? मुकादम कोण?"

मुकादमानं मला ढकलून चौथऱ्याच्या मागं पाडलं आणि पुढं झाला. "मीच. काय पायजे?"

उत्तर म्हणून कोयता आला. त्यानं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला, आणि वार तळहातावर, बोटांच्या मुळाशी बसला. खाटीकखान्यात येतो तसा आवाज आला. रक्ताची चिळकांडी माझ्या नकाशावर उडाली. तो ओरडला नाही. डाव्या हातानं त्यानं त्या पोराची गचांडी धरली आणि दोघं खाली पडले.

बाकीचे पिंपाकडे धावले. आमची पोरं विटा फेकायला लागली. एकाच्या कपाळावर वीट बसली, तो गुडघ्यांवर आला. चाचांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या पाठीत लाथ घातली तेव्हा ते वळले. हातात पेटती ज्योत होतीच. त्यांनी ती भाल्यासारखी पुढं धरली आणि अर्धवर्तुळात फिरवली. दोघंजण मागं सरकले. एकाचा शर्ट पेटला, तो हातांनी छाती बडवत पळाला. तेवढ्यात तिसऱ्यानं मागून कोयता घालून गॅसची नळी तोडली.

तुटलेलं टोक पेटलं. नळी सापासारखी उसळली, आणि आगीचा लोळ जमिनीवरून सरपटत गेला. "सिलिंडर! सिलिंडर!" कुणीतरी किंचाळलं. मग आपलं कोण, परकं कोण, हे राहिलंच नाही. सगळे दाराकडे पळत सुटले, कोयतेवालेसुद्धा. पळाले नाहीत ते चाचा. ते चार पायांवर रांगत सिलिंडरपाशी गेले आणि चावी फिरवून गॅस बंद केला. ज्योत विझली.

त्या वेळी हॉलमध्ये आम्ही चौघंच उरलो होतो. चाचा, मी, खाली पडलेला मुकादम आणि त्याच्या छातीवर गुडघा रोवलेला तो पोरगा. त्याचा रुमाल सुटला होता. लाल केस. तोच तो. त्यानं कोयता परत उचलला. या वेळी मुकादमाचे दोन्ही हात खाली होते.

माझ्या पायाशी पाइपचा तुकडा पडला होता. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्या पोराच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचं मला पाइपमधून माझ्या तळहातांत कळलं. कोयता उडून लांब पडला. पोरगा कुशीवर कोसळला, "आई गं" म्हणाला. मी परत मारलं. तो हात पोटाशी घेऊन गोळा झाला होता. मी पुन्हा मारलं, खांद्यावर. मला आठवतं ते असं, की मला थांबायचंच नव्हतं. इतक्या महिन्यांचा तो आवाज, ती धूळ, तो न फुटणारा चौथरा आणि हा एवढासा पोरगा, हे सगळं एकच झालं होतं. चौथा फटका उचलला तेव्हा मागून कुणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली.

"बस, बेटा, बस! पडलाय तो. पडलाय!"

चाचांच्या भुवया-दाढीचा जळल्याचा वास येत होता. मी पाइप सोडला. मुकादम उठून बसला होता. आपल्या लोंबणाऱ्या बोटांकडे बघत तो म्हणाला, "फडकं बांधा ना मॅडम, कोणी तरी."

माझी ओढणी फाडून मी त्याचा हात बांधला. उरलेल्या तुकड्यानं पोराचा हातही बांधला.

सरकारी दवाखान्यात दोघांना एकाच दारातून आत नेलं. फौजदार तिथंच जबाब घ्यायला आले. माणूस समजूतदार होता, पण कंटाळलेला.

"पहिला फटका कळला. जीव वाचवायला मारलात. तो पडल्यावरचे दोन कशासाठी?"

"राग आला होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, आपल्याला आरोपी व्हायची हौस आहे का? 'घाबरून' असं लिहू या."

"घाबरले होते, पण आधी. नंतर नव्हते."

शेजारी बाकावर चाचा बसले होते, हातांना मलम लावलेलं. ऐकू येत नसताना त्यांना हे कसं ऐकू गेलं कुणास ठाऊक. ते भांडल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, "घाबरली होती साहेब! मी पकडली तेव्हा अंग लटलट कापत होतं तिचं!" आख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. फौजदारांनी तेच लिहिलं. चाचांनी ते मला वाचवण्यासाठी म्हटलं, की माझं कापणं खरंच त्यांना भीतीचं वाटलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

कंपनीचं मुख्य ऑफिस नारायण पेठेत. तिथून साहेब शहाळी घेऊन मुकादमाला बघायला आले. मग मला जिन्यात घेऊन म्हणाले, "हे फार वाढायला नको. जागा भाड्यानं घेणारी कंपनी परदेशी आहे. असलं काही त्यांच्या कानावर गेलं तर..."

"सांगा, कोयते स्वदेशी आहेत म्हणून."

त्यांना ते आवडलं नाही. पण तक्रार मी दिली होती आणि ती मागं घेणार नव्हते. लाल केसांच्या पोराला आणि आणखी तिघांना अटक झाली. दादाचं नाव कुणी घेतलं नाही.

पुढच्याच आठवड्यात दिवेलागणीला आमच्या सोसायटीत तीन मोटरसायकली शिरल्या. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. त्यांनी मला नावानं हाक मारली, मी खाली बघेपर्यंत थांबले आणि मग ओळीनं गाड्या फोडायला लागले. फक्त आमची नाही, ओळीतल्या सगळ्या. काचांचा तो खळ्ळकन आवाज, वर खिडक्या धडाधड लागल्याचा आवाज. एकानं कोयता माझ्याकडे रोखून गालावरून आडवा फिरवून दाखवला. नवरा खाली धावायला निघाला, मी दाराला आडवी झाले. "सोड," तो म्हणाला. मी सोडलं नाही. त्यानं मला जोरात ढकललं, माझं डोकं चौकटीवर आपटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्यात असं कधी झालं नव्हतं. तो तिथंच जमिनीवर बसला आणि स्वतःच्या तोंडावर चापट्या मारायला लागला. मी त्याचे हात धरून ठेवले. खाली गाड्या निघून गेल्या.

सकाळी काचा झाडताना खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, आपण इमारती पाडा, अवश्य पाडा. फक्त आमच्या गाड्यांना त्यात घेऊ नका." त्यानंतर बरेच दिवस जिन्यात कुणी माझ्याशी बोललं नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही असंच काहीतरी बोलले असते, कदाचित जास्त लागेल असं.

मुकादमाची बोटं डॉक्टरांनी जोडली, पण मूठ वळत नव्हती. तरी तो साइटवर परतला. खुर्ची टाकून बसायचा आणि डाव्या हातानं दाखवायचा. एका दुपारी तो आणि मी कामाचं बोलत असताना एक बाई फाटकातून सरळ आत आली. पन्नाशीची, काटक, पदराला कांद्याची फोलपटं चिकटलेली.

"पायपानं मारलं ती बाई तूच का?"

"हो."

तिनं माझ्या कानाखाली वाजवली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मुकादम खुर्चीतून उठला, मी हातानं त्याला थांबवलं. पण ती मला सोडून त्याच्याकडेच वळली होती. त्याचा हात तिनं उचलून घेतला, बोटं एकेक करून वाकवून बघितली.

"वळत न्हाईत?"

"नाई."

ती मटकन विटांच्या ढिगावर बसली. मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते म्हणाली. तो लाल केसांचा पोरगा तिचाच; तोही तिथंच हमालीला होता, दादानं मोटरसायकल दिली आणि काम सुटलं. "तुझ्यापरीस जास्त मी मारलाय त्याला," ती मला म्हणाली. "झाडूनं, लाटण्यानं, चपलीनं. माझ्या हातानं सुधारला न्हाई, तो तुझ्या पायपानं काय सुधारायचा? नुसता अधू झाला." मी पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही. उठली आणि आली तशी निघून गेली. माझा गाल संध्याकाळपर्यंत ठणकत होता.

ते वर्ष सरता सरता एक दिवस सकाळी मी साइटवर पोहोचले, तर पिंपातल्या पितळी नळ्या दोन अनोळखी ट्रकांत भरणं चालू होतं. ट्रकांच्या काचेवर दादाचा फोटो. मी साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "व्यवहार आहे. काम पुढं न्यायचंय की नाही आपल्याला?"

मी फाटकाला आतून कडी घातली आणि मध्ये स्कूटर आडवी लावून उभी राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. त्याचा माणूस उतरला, अगदी तोंडाजवळ येऊन शिव्या द्यायला लागला. माझी पोरं पहारी घेऊन गोळा झाली. आता परत रक्त सांडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

मुकादम खुर्चीतून उठून आला. माझ्याकडे न बघता त्यानं स्कूटर डाव्या हातानं ओढून बाजूला केली.

"जाऊ द्या, मॅडम."

"अहो, तुमचा हात गेला ह्याच्यासाठी!"

"गेला ना. आता भंगारासाठी अजून एकाचा कायले द्यायचा?" आणि त्यानं कडी काढली.

ट्रक गेले. मी आत जाऊन एका पोराच्या हातातला ब्रेकर घेतला. चौथऱ्याचा शेवटचा तुकडा उरला होता. मी कधी ब्रेकर चालवला नव्हता. त्यानं मला एकदा मागं फेकलं, एकदा तो मांडीवर आपटला. कुणी अडवलं नाही. तळहात सोलून रक्त यायला लागलं तरी मी तो त्या काँक्रीटमध्ये घुसवत राहिले. शेवटी आत सळई दिसली आणि तुकडा उभा फाटला. मग मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. मुकादम लांब उभा राहून पोरांना सांगत होता, "तिकडं पाहू नका. आपापलं काम करा."

त्यानंतरचं काम भराभर झालं. नवे खांब उभे राहिले, मधला मजला टाकला, छतात काचा बसल्या. भिंती वाळूच्या फवाऱ्यानं घासल्या, तरी काजळी पुरती गेली नाही, आणि आर्किटेक्ट खूश झाला. चाचा मात्र परत आले नाहीत. त्यांचा मुलगा म्हणाला, अब्बांना आता ज्योत पेटवायची इच्छाच होत नाही. ऑफिस सुरू झालं त्या दिवशी मी आणि मुकादम पाहुण्यांच्या मागं उभे होतो. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घातलेली पोरंपोरी कॉफी घेऊन टेबलं शोधत होती, भिंतीपुढं उभं राहून फोटो काढत होती. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "किती पीसफुल आहे ना इथं?" मुकादम मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही.

खटला अजून चालू आहे. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तो पोरगा माझ्या समोरच्या बाकावर होता. केस काळे झालेले, उजवा हात कोपरात वाकलेलाच. मी खाली बघत बसले होते. तो उठून जवळ आला. माझ्या संरक्षणाला दिलेला शिपाई सावध झाला.

"ताई, एक विचारायचं होतं. त्या दिवशी म्हाताऱ्यानं धरलं नसतं, तर तुम्ही थांबला असता का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, पटल्यासारखी. "मी पण नसतो थांबलो."

तो बाकावर जाऊन बसला. आई त्याच्या शेजारी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. जरा वेळानं पुकारा झाला. आम्ही सगळे आत गेलो, आणि वकील आले नाहीत म्हणून पुढची तारीख घेऊन बाहेर आलो.